आपला हेल, त्यांचा हेल

हिंगणघाटकडची एक बाई मुलाला घेऊन मोठ्या शहरात बहिणीकडे गेली. तिथे मुलाला ताप भरला. बाई त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी विचारले, "काय होतंय?"

बाई म्हणाली, "पोट्ट्याले परवापासून ताप येऊन रायला. डोये लाल झाले. काही खाऊन नाही रायला."

बाकावर बसलेल्या दोघीजणी फिसकन हसल्या. बाई लाजली. मग डॉक्टरांनी जे जे विचारले, त्याला तिने नुसती मान हलवली. मुलाला रात्री दोन उलट्या झाल्या होत्या. ते सांगायचे राहूनच गेले.

यात हसण्यासारखे काय होते? बाईने काही चुकीचे सांगितले नव्हते. तिने आपल्या बोलीत, आपल्या हेलाने सांगितले, इतकेच. पण 'पोट्टा' हा आपल्याकडचा मायेचा शब्द शहरातल्या कानाला दांडगट वाटला. बोलणे दांडगट, म्हणून बाई अडाणी, असे त्या दोघींनी ठरवून टाकले.

शब्द उच्चारण्याची, आवाज चढवण्याची आणि उतरवण्याची प्रत्येक मुलखाची रीत असते. तिला हेल म्हणतात. ही रीत आईच्या मांडीवर असतानाच कानात बसते.

आता 'डोळा' हा शब्द मोठ्याने म्हणा. 'ळ' म्हणताना जीभ मागे वळते आणि वर टाळूला लागते. मग 'डोया' म्हणा. जीभ वळतच नाही. आपल्याकडे पुष्कळ लोक 'ळ' च्या जागी 'य' म्हणतात. ज्याचा डोळा 'डोया' होतो, त्याची शाळाही 'शाया' होते आणि काळा बैल 'काया' होतो. पाण्याचे 'पानी' होते. 'मला' ऐवजी 'मले', 'का' ऐवजी 'काऊन', 'येत आहे' ऐवजी 'येऊन रायला'. हे मनाला येईल तसे होत नाही. याला नियम आहे. बोलीलाही व्याकरण असते.

मग पुस्तकात 'मला' का छापतात? 1831 साली मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज साहेबाने मराठीचा मोठा शब्दकोश मुंबईस छापला. छापखाने, सरकारी शाळाखाते, शिकलेले शास्त्री हे सारे मुंबई-पुण्याकडे होते. तेव्हा आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. शाळेची पुस्तके पुण्याच्या वळणाने निघाली, आणि ते वळण 'शुद्ध' ठरले. तेच छापखाने आधी वर्ध्यास निघते, तर आज पुस्तकात 'मले' छापले असते आणि पुण्याच्या पोराला गुरुजींनी टोकले असते!

पुणेकराला वाटते, आपल्याला हेल नाहीच. तोही आहे. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसा आपला हेल आपल्याला ऐकू येत नाही.

गाडगेबाबांना कोण ओळखत नाही? ते 1876 साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावी जन्मले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. बोली अस्सल वऱ्हाडी. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. मुंबईतही ते असेच बोलले. तिथल्या लोकांनाही त्यांचे म्हणणे कळले.

परक्या भाषेतही आपला हेल आपल्याबरोबर जातो. 'चार पेंढ्या चारा' हे म्हणून पाहा. 'चार' मधला 'च' वेगळा आणि 'चारा' मधला वेगळा. लिहायला मात्र अक्षर एकच! हिंदीत एकच 'च' आहे. म्हणून हिंदी बोलणारा माणूस मराठी बोलू लागला की 'चारा' वेगळाच म्हणतो, आणि आपण हसतो. हसण्यात आपणही मागे नाही बरे! भंडाऱ्याकडचा माणूस बोलला की आपणच त्याची नक्कल करतो.

वर्ध्याला 1936 साली राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. त्याच वर्षी गांधीजी शेगावी राहायला आले. तेच आजचे सेवाग्राम. तिथे देशभरची माणसे येत आणि एकमेकांशी हिंदीत बोलत. गांधीजींची मायबोली गुजराती, विनोबांची मराठी, कोणाची तमिळ, कोणाची बंगाली. प्रत्येकाच्या हिंदीला आपापल्या मायबोलीचे वळण. पण त्यापायी स्वराज्याचे काम अडले नाही.

इंग्रजांचेही असेच. त्यांच्या देशात बोलण्यावरून माणसाचा गाव आणि ऐपत दोन्ही ओळखतात. यावर बर्नार्ड शॉ यांनी एका फुलवालीचे नाटक लिहिले. पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली ते 'ती फुलराणी' या नावाने मराठीत आणले. त्यात एक भाषापंडित फुलवालीची बोली बदलतो. बोली बदलल्यावर तिला मान मिळतो. पण माणूस तर तीच असते!

तुम्ही अर्ज किंवा पत्र लिहाल, तेव्हा 'डोळा', 'पाणी', 'मला' असे लिहा. वर्धा असो, कोल्हापूर असो, वाचणाऱ्याला ते सारखेच कळते. तोंडाने बोलताना मात्र 'डोया' म्हणायला हरकत नाही. समोरच्याला कळले नाही तर पुन्हा सावकाश सांगावे.

ती बाई गावी परतली आणि रात्रीच्या वर्गात जाऊ लागली. पुढच्या वेळी बहिणीकडे मुलगा पुन्हा आजारी पडला, तेव्हा तिने घरीच एका कागदावर लिहून घेतले : 'ताप तीन दिवस. उलट्या दोन. रात्री खोकला.' दवाखान्यात तिने कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पोट्ट्याले आता जरा बरं वाटून रायलं, पन खोकला जाऊन नाही रायला."

बाकावर कोणी तरी हसले. बाईने तिकडे पाहिले नाही. डॉक्टर कागद वाचत होते.