पॅनेलवरचे जॅक आणि पॉट

प्रश्न : घरी युरोरॅक सिंथेसायझरचं मॉड्यूल बनवतोय. सर्किट ब्रेडबोर्डवर चालतंय. पॅनेलसाठी जॅक, पॉट, नॉब कोणते घ्यावेत?

उत्तर : पैसे वाचवायचेच असतील तर नॉबमध्ये वाचवा, जॅकमध्ये नको. केबलची खुपस-उपस सतत त्यातच होणार. ३.५ मिमीचा, धातूच्या आट्यांचा उभा मोनो जॅक घ्या. बिनआट्यांचा प्लास्टिकचा जॅक पॅनेलला नटाने आवळता येत नाही, मग सगळा ताण सोल्डरवर येतो. स्विचवाला जॅक असेल तर केबल नसताना आतूनच दुसरा सिग्नल जोडून ठेवता येतो. दोन रुपये जास्त गेले तरी तोच घ्या.

पॉट ९ मिमीचे, पीसीबीवर बसणारे. सीव्हीच्या नियंत्रणाला बहुधा ‘बी’, म्हणजे लिनिअर, आवाजाला ‘ए’. नॉब घेण्याआधी पॉटचा दांडा बघा : डी आकाराचा की दातेरी? चुकलात तर नॉब बसणारच नाही.

पॅनेल २ मिमी अ‍ॅल्युमिनियमचं पुरे. उंची १२८.५ मिमी, रुंदी ५.०८ मिमीच्या पटीत, पण केसभर कमी, नाहीतर शेजारचं मॉड्यूल अडतं. भोकं पाडण्याआधी हातातला नग कॅलिपरने मोजा. आणि जॅक-पॉट आधी पॅनेलला आवळून मगच सोल्डर करा.