वृद्ध श्वानांतील मूत्राशयाचा कर्करोग : निदानात सोनोग्राफीचे स्थान

घराची राखण करणारा कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झाला, की त्याच्या लघवीच्या तक्रारी वार्धक्याच्या मानून सोडून दिल्या जातात. लघवीतून रक्त जाणे, थोडी थोडी लघवी वारंवार होणे, लघवीच्या वेळी कुंथणे ही लक्षणे बहुधा जंतुसंसर्गाची अथवा मूत्रखड्याची असतात. तथापि मूत्राशयाच्या कर्करोगातही हीच लक्षणे आढळतात. कर्करोगासोबत अनेकदा संसर्गही असल्याने प्रतिजैविकांनी काही काळ आराम पडतो आणि नंतर त्रास पुन्हा उद्भवतो. या फसव्या आरामात मोलाचे महिने वाया जातात.

रोगाचे स्वरूप

हा कर्करोग बहुतांशी मूत्राशयाच्या आतील अस्तरात सुरू होतो. नरांपेक्षा माद्यांत तो अधिक आढळतो. स्कॉटिश टेरियर जातीत त्याचे प्रमाण विशेष आहे. दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयास जेथे मिळतात व जेथून मूत्रमार्ग निघतो, त्या त्रिकोणी भागात गाठ बहुधा वाढते. त्यामुळे ती शस्त्रक्रियेने समूळ काढणे कठीण असते आणि लघवी तुंबण्याचा धोका असतो.

तपासणीची रीत

सोनोग्राफीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने मूत्राशयाचे अंतरंग पडद्यावर दिसते. बहुधा भूल द्यावी लागत नाही. मूत्राशय पुरेसे भरलेले असावे लागते. ते रिकामे असल्यास निरोगी भिंतही जाड भासते. मूत्रखड्यामागे गडद सावली पडते. श्वानाची कूस बदलताच खडे व सुटी रक्ताची गुठळी खालच्या बाजूस सरकते. गाठ मात्र भिंतीला चिकटून जागच्या जागी राहते. डॉप्लर पद्धतीने गाठीतील रक्तप्रवाह दिसल्यास संशय बळावतो. त्याच वेळी मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या व जवळच्या लसिका ग्रंथी तपासल्यास रोगाचा प्रसार आणि लघवीचा अडथळा यांचा अंदाज येतो.

मर्यादा आणि दक्षता

केवळ चित्रावरून कर्करोग निश्चित ठरत नाही. जुनाट दाहामुळेही भिंतीवर गाठीसारखी वाढ होते. निश्चितीसाठी पेशींची अथवा ऊतींची तपासणी आवश्यक असते. संशय असताना पोटातून सुई घालून नमुना घेणे शक्यतो टाळावे, कारण सुईच्या मार्गात कर्कपेशी रुजू शकतात. त्याऐवजी मूत्रमार्गातून नळी घालून नमुना घेता येतो. लघवीतील पेशींमध्ये ‘बीआरएएफ’ या जनुकातील बदल शोधण्याची चाचणीही उपलब्ध झाली आहे. हा बदल बहुसंख्य रुग्ण श्वानांत आढळतो. पण तो न आढळल्यास कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही.

वेळीच निदानाचे महत्त्व

हा रोग समूळ बरा होणे विरळा. तरीही पायरोक्सिकॅमसारखी औषधे व कर्करोगविरोधी औषधे यांनी अनेक श्वानांचे काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ, सुखाचे होतात. ही औषधे पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यावीत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या परस्पर दिल्यास श्वानाच्या जिवावर बेतू शकते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तणनाशक फवारलेल्या हिरवळीशी संपर्क आलेल्या स्कॉटिश टेरियरांत या रोगाचा धोका अधिक आढळला होता. म्हणून ताज्या फवारणीच्या जागी श्वानांना जाऊ न देणे हितावह आहे. वृद्ध श्वानाच्या लघवीत रक्त दिसल्यास, विशेषतः उपचारानंतर ते पुन्हा दिसल्यास, औषधाची तीच मात्रा पुन्हा देत न राहता सोनोग्राफीची सोय असलेल्या पशुवैद्यकीय रुग्णालयात त्याची तपासणी करून घ्यावी. मुक्या प्राण्याला आपले दुखणे सांगता येत नाही. ते वेळीच ओळखण्याची जबाबदारी पालकाची आहे.