चेंडू टाकण्याआधीचा एक क्षण

“सर, पिचरने चेंडू टाकला, बॅटरने सोडला, आणि तुम्ही रनरला पुढचा बेस दिलात. कशासाठी?” भोसरीच्या मैदानावर बेसबॉलचा सामना संपताच त्याने पंचांना गाठले. चाकणच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करणारा हा तरुण रविवारी टेनिस बॉल क्रिकेट खेळतो. तिथे गोलंदाजाच्या पायासाठी आखलेली रेष असते, वाद तिच्यावरच होतो.

“बॉक होता, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल. सेटमध्ये हात एकत्र आले की पूर्ण थांबावे लागते. तो थांबलाच नाही.”

“सेट म्हणजे?”

सरांनी मातीत रोवलेल्या पिचर्स प्लेटकडे बोट दाखवले. ६१ सेंटिमीटर लांब, १५ रुंद. मोठ्यांच्या सामन्यात तिथून होम प्लेट १८.४४ मीटरवर. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा उजवा पाय सुरुवातीला तिला टेकलेलाच हवा. वाइंडअपमध्ये पिचर बॅटरकडे तोंड करून उभा राहतो. हालचाल सुरू झाली की ती अर्धवट सोडता येत नाही. सेटमध्ये तो आडवा उभा असतो, एक पाय प्लेटला समांतर, दुसरा पुढे. बेसवर रनर असला की बहुतेक पिचर सेटच घेतात, कारण चेंडू लवकर सुटतो.

“आणि पाय सेटचे, पण टाकायचे वाइंडअपने, असे असेल तर?”

खरा घोळ इथेच होतो. अमेरिकेच्या व्यावसायिक नियमपुस्तकाने त्यावर तोडगा काढला आहे: रनर बेसवर असताना पाय असे दिसले तर ती सेटच धरायची, वाइंडअप हवा असेल तर बॅटरची पाळी सुरू होण्याआधी पिचरने पंचांना सांगायचे. हा नियम चोख आहे. पिचरच्या मनात काय आहे, हे रनरला ओळखता येत नाही, आणि बॉकचा सगळा कायदा रनरची फसवणूक होऊ नये म्हणूनच आहे. शैली देखणी आहे की ओबडधोबड, हे पंच पाहतच नाही.

“पण थांबला, हे ठरवायचे कसे?”

“नजरेनेच. हौशी सामन्यात बऱ्याचदा दोनच पंच असतात. एक प्लेटमागे, दुसरा आतल्या मैदानात. बॉक कोणीही देऊ शकतो.”

अतिकडकपणाही महाग पडतो. अमेरिकेच्या मेजर लीगने १९८८ मध्ये थांबणे स्पष्ट दिसलेच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा त्या हंगामात ९२४ बॉक दिले गेले. ओकलंडच्या एकट्या डेव्ह स्ट्यूअर्टवर १६. पुढच्याच वर्षी ती शब्दरचना मागे घ्यावी लागली. शालेय सामन्यांत तर पंचाने मुलांना थांबणे आधीच करून दाखवावे, मगच शिक्षा द्यावी.

“बेस रिकामे असले तर?”

“मग थांबायची सक्ती नाही. पाय प्लेटला नसताना टाकला तर मात्र एक ‘बॉल’ धरतो, बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला नसेल तर.”