साडेसहाशे वॅटचा डबा आणि लाईट बिल

आई-बाबांनो, मुलगा नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन घेऊन येतो आणि आपली नजर नेमकी एका ओळीवर अडते: एसएमपीएस, ६५० वॅट. मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. रोज पाच तास धरले तर सव्वातीन युनिट, महिन्याला जवळजवळ शंभर! मग 'साडेचारशेचा घे' असा हुकूम सुटतो आणि घरात दोन दिवस धुसफूस.

अहो, तो आकडा खर्चाचा नव्हेच. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा; तो जास्तीत जास्त किती वॅट पुरवू शकतो, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे मागतील तेवढीच वीज तो ओढतो; वर स्वतःची दलाली कापतो, ती मात्र बघण्यासारखी. आतल्या भागांना २०० वॅट हवे असतील आणि डब्याची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर मीटरवर २५० पडतात. मधले ५० नुसते गरम हवा होऊन मागून बाहेर. '८० प्लस गोल्ड'चा शिक्का असलेल्या डब्यात निम्म्या भारावर ही गळती दहा टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे चांगला ६५०चा डबा साध्या ४५०च्यापेक्षा कमीही वीज खाऊ शकतो. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट येणाऱ्या डब्यावरच्या आकड्यावर माझा तर काडीचा विश्वास नाही. तिथे काळजी बिलाची नाही, मदरबोर्ड जळण्याची.

गेम खेळताना २५० वॅट धरा. रोज तीन तास म्हणजे पाऊण युनिट, महिन्याला बावीस-तेवीस. दोन हजार वॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला तीस होतात, आणि त्यावरून कुणी कुणाला बोलत नाही! अर्थात महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे दर चांगलाच चढतो, तेव्हा बावीस युनिटही अगदीच सोडून देण्यासारखे नाहीत. नुसतं टायपिंग चाललं असेल तर बहुतेक कॉम्प्युटर शंभर वॅटच्या आतच राहतात. मॉनिटरचे वीस-तीस वॅट वेगळे.

वाद मिटत नसेल तर मुलालाच मोजायला बसवा. घरच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि पाटीवर इम्पल्सचा आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. कॉम्प्युटर बंद असताना मिनिटभर मोजायचं, गेम लावून पुन्हा मोजायचं. मिनिटाला दहा लुकलुक वाढले तर तासाला ६००, म्हणजे साधारण १९० वॅट. टायपिंग करताना आणखी एकदा मोजा. मधेच फ्रिज सुरू झाला, तर मात्र मोजणी पहिल्यापासून.