रत्नागिरीतील जुन्या वास्तू : दर्शनानंतरचे दर्शन

रत्नागिरीस येणारा भाविक प्रथम रत्नदुर्गावर जातो. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या या किल्ल्याच्या बालेकिल्ल्यात श्रीदेवी भगवतीचे मंदिर आहे. देवीचे दर्शन घेऊन यात्रेकरू बहुधा परतीच्या वाटेस लागतात. तथापि या नगरीतील काही जुन्या वास्तू पाहिल्यावाचून यात्रा पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.

सह्याद्री आणि सागर यांच्या कुशीत वसलेली रत्नागिरी पूर्वी दुर्गम होती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला तो १९९८ मध्ये. या दुर्गमतेमुळेच ज्यांना लोकांपासून दूर ठेवावयाचे, अशांना इंग्रज सरकार येथे आणून ठेवीत असे.

थिबा राजवाडा : १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि तेथील राजा थिबा यास पदच्युत केले. १८८६ मध्ये त्यास सहकुटुंब रत्नागिरीस आणण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. लाकडी नक्षीकामाच्या कमानदार खिडक्या हे त्याचे वैशिष्ट्य होय. १९१६ मध्ये राजाचे येथेच निधन झाले. तीस वर्षांत त्यास मायदेशाचे दर्शन घडले नाही. त्याची समाधीही याच शहरात आहे.

टिळक जन्मस्थान : लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. टिळक आळीतील कौलारू घर आज स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे.

कारागृह आणि पतितपावन मंदिर : स्वातंत्र्यवीर वि. दा. सावरकर यांना १९२१ मध्ये अंदमानातून हिंदुस्थानात आणल्यावर काही काळ रत्नागिरीच्या कारागृहात ठेवले होते. १९२४ ते १९३७ या काळात ते याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणास बंदी असल्याने त्यांनी अस्पृश्यता निवारणाचे कार्य हाती घेतले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना देवळाच्या पायरीपाशीच थांबावे लागे. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी आपल्या द्रव्यातून पतितपावन मंदिर उभारले. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी ते सर्व हिंदूंसाठी खुले झाले. येथे श्रीलक्ष्मीनारायणाच्या मूर्ती आहेत. ज्याला स्वतःला जिल्ह्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्याच्या प्रेरणेने इतरांसाठी देवाचे दार उघडले, हे या स्थानाचे माहात्म्य होय.

जांभा दगडाविषयी : कोकणातील बहुतेक जुनी बांधकामे जांभ्याची आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत राहून कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने त्यात पाणी मुरते. कोकणातील मुसळधार पाऊस आणि खारे वारे यांत छप्पर गळू लागले किंवा गिलावा निघाला, तर भिंतींची झीज वेगाने होते. भिंतींत रुजलेली झाडे वेळीच काढली नाहीत तर मुळे सांधे उखडतात. म्हणून अशा वास्तूंची देखभाल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करणे अगत्याचे असते.

भाविकांनी या वास्तूंच्या भिंतींवर नावे कोरू नयेत, तटावर चढू नये व कचरा टाकू नये. देवळात पादत्राणे बाहेर काढताना मनात जो भाव असतो, तोच भाव येथेही असावा. पतितपावन मंदिराच्या पायऱ्या चढताना क्षणभर थांबून, या पायऱ्यांपुढे कोणालाही अडविले गेले नाही, याचे स्मरण करावे. त्यानंतर घेतलेले दर्शन अधिक फलदायी ठरेल.