कढीपत्त्याची रोपे, खोडापासून सहा फुटांवर

प्रश्न : आमच्या परसात जुना कढीपत्ता आहे. उन्हाळ्यात त्याच्याजवळून पाण्याच्या पाइपासाठी चर खणला. पावसाळा लागताच चराच्या कडेने, खोडापासून सहा फुटांवर, कढीपत्त्याची रोपे ओळीने उगवली. बी कोणी टाकले नव्हते. ती ठेवावीत की काढावीत?
– एक वाचक, गणेशपुरी (ता. भिवंडी)

उत्तर : रोपे चराच्या कडेनेच उगवली, यातच उत्तर आहे. कढीपत्त्याची मुळे उथळ आणि आडवी पसरतात. शेंड्याकडून मुळांकडे वाहणारे ऑक्सिन हे संप्रेरक मुळांवरचे अंकुर दाबून ठेवते. कुदळीने मूळ तुटले की हा प्रवाह थांबतो आणि पावसाच्या ओलीवर तिथून फुटवे वर येतात.

खात्रीसाठी एक रोप अलगद उकरा. खाली सरळ सोटमूळ असेल, तर ते बियांचे. कढीपत्त्याची काळी फळे खाऊन पक्षी बिया दूरवर टाकतात. जाड आडव्या मुळातूनच फूट वर आलेली दिसली, तर तो फुटवा.

ठेवायचा की काढायचा, हे मूळ कोणाचे यावर ठरते. कढीपत्ता सहसा कलमी नसतो, त्यामुळे फुटव्याला आईच्याच वासाची पाने येतात. थंड देशांतल्या लायलॅक या फुलझाडाचेही असेच. ते स्वतःच्या मुळांवर असेल तर फुटव्यालाही तीच जांभळी फुले येतात. प्रिव्हेट या दुसऱ्या झुडपाच्या खुंटावर बांधलेले असेल तर मात्र प्रिव्हेटच उगवते. नागपुरी संत्र्याचे डोळे जंभेरीच्या खुंटावर भरतात. म्हणून डोळ्याच्या खालून आलेली काटेरी फूट बागायतदार दिसताक्षणी काढतात. ती वाढली तर जंभेरी जोर धरते आणि संत्रा मागे पडतो. कलमी गुलाबाचीही हीच गत.

तुमचे फुटवे वीतभर झाले की भर पावसात मुळाचा तुकडा दोन्ही बाजूंनी धारदार कोयत्याने कापा, मातीच्या गड्ड्यासह उचला, निम्मी पाने छाटा आणि सावलीत कुंडीत लावा. नको असलेले फुटवे जमिनीलगत छाटू नका, एकाचे चार होतील. माती उकरून मुळापासून काढा. आणि कढीपत्त्याभोवती यापुढे विनाकारण खणू नका.