सिएनाचा काम्पो

मुलांनो, चौक म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? चार रस्ते, चार कोपरे आणि वाहनांची गर्दी! आज आपण ज्या चौकात जाणार आहोत, तो चौकोनी नाही. तिथे वाहनांची वर्दळही नाही. हा चौक इटली देशातील सिएना शहरात आहे. लोक त्याला 'काम्पो' म्हणतात. काम्पो म्हणजे शेत किंवा मैदान. मैदान हा शब्द तर उर्दूत आहे आणि मराठीतही!

सिएनाच्या गल्ल्या अरुंद आहेत. दोन्ही बाजूंच्या उंच घरांमुळे तिथे ऊन कमीच येते. अशा गल्लीतून तुम्ही एका कमानीखालून बाहेर पडता आणि एकदम मोकळे आकाश दिसते. पायांखाली लाल विटांची फरसबंदी असते. तिचा आकार शिंपल्यासारखा आहे. पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांनी तिचे नऊ भाग केले आहेत. नऊच का? सन १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाहत असे. त्याची ही खूण.

चौकाची जमीन नगरभवनाकडे उतरत जाते. पावसाचे पाणी तिकडे वाहते आणि खालच्या मोरीतून निघून जाते. संध्याकाळी लोक या उतारावरच गप्पा मारत बसतात.

आता सभोवारची घरे पाहा. ती एकमेकांशी किती जुळतात! १२९७ साली शहराने नियम केला की, चौकाकडील खिडक्यांना बारीक खांब असावेत आणि सज्जे नसावेत. घर एकाचे असले तरी त्याचा दर्शनी भाग सारे शहर पाहते. मला हा नियम फार आवडतो.

नगरभवनात एक दालन आहे. आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये त्याच्या भिंती रंगवल्या. एकीकडे चांगला कारभार आहे : दुकाने उघडी आहेत, गवंडी घर बांधत आहेत, शेतकरी शेतात राबत आहेत. दुसरीकडे वाईट कारभार आहे : पडकी घरे, ओसाड शेते आणि हत्यारबंद शिपाई. नऊ कारभारी याच चित्रांसमोर बसून निर्णय घेत.

१३४८ साली शहरात प्लेग आला. हजारो माणसे दगावली. मोठ्या चर्चचे वाढीव बांधकाम थांबले. ते आजही अर्धवट उभे आहे. काम्पोची फरसबंदी मात्र १३४९ मध्ये पुरी झाली.

दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला इथे 'पालिओ' ही घोड्यांची शर्यत होते. त्यासाठी चौकाच्या कडेने माती पसरतात. शहरात सतरा मोहल्ले आहेत. एका वेळी दहांचे घोडे धावतात. घोड्यांवर खोगीर नसते. तीन फेऱ्या, दीड मिनिटाच्या आसपास खेळ खलास! मधल्या जागेत उभे राहून पाहायला तिकीट लागत नाही. वळणावर स्वार पडला तरी घोडा धावतच राहतो आणि तो एकटा पहिला आला, तरी त्याचाच मोहल्ला जिंकतो.